सतारीची तार आणि स्वादुपिंड

मिरजेतील सतारींचे कारागीर तार जुळविताना ती फार ताणीत नाहीत, फार सैलही सोडीत नाहीत. रक्तातील साखरेचेही तसेच आहे. ती योग्य प्रमाणात राखण्याचे काम जठरामागे दडलेले स्वादुपिंड अहोरात्र करीत असते.

सुमारे १५ सेंटिमीटर लांबीच्या या अवयवाचे काम दुहेरी आहे. त्याचा पाचक रस नलिकेवाटे लहान आतड्यात उतरतो आणि भाकरीतील पिष्ट, डाळीतील प्रथिने व तेलातील स्निग्धांश यांचे पचन करतो. शिवाय त्यातील पेशींचे पुंजके इन्सुलिन व ग्लुकागॉन हे स्राव थेट रक्तात सोडतात. जेवणानंतर साखर वाढली, की इन्सुलिन ती पेशींत पोहोचविते. उपवासात घटली, की ग्लुकागॉन यकृतातील साठा मोकळा करविते.

इन्सुलिन आटले, तर रक्तात साखर असूनही पेशी उपाशी राहतात. पूर्वी अशी मधुमेही मुले वाचत नसत. मिरजेत रुग्णालय उभारणारे डॉ. विल्यम वानलेस मूळचे कॅनडाचे. त्याच देशातील टोरांटो येथे १९२१ साली बँटिंग व बेस्ट यांनी प्राण्यांच्या स्वादुपिंडापासून इन्सुलिनचा अर्क काढला. जानेवारी १९२२ मध्ये तो लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मरणोन्मुख मुलाला टोचला. पहिली मात्रा लागू पडली नाही. कॉलिप यांनी अर्क अधिक शुद्ध केला. तो टोचताच मुलगा सावरला आणि पुढे तेरा वर्षे जगला.

आज नियमित इन्सुलिन घेणारी मुले सवंगड्यांबरोबर शिकतात, खेळतात. सुटलेला सूर माणसाने चिकाटीने पुन्हा जुळविला आहे.

स्वाध्याय
१. स्वादुपिंडाची दोन कामे कोणती?
२. ‘पेशी उपाशी राहतात’ असे का म्हटले आहे?