कृश देह, मेदस्वी उदर : स्थौल्यनिदानाचा पुनर्विचार

प्रास्ताविक

स्थौल्य हा विषय आपल्या नियतकालिकांतून अनेकदा चर्चिला जातो. तरीही त्याच्या निदानात एक ढोबळ चूक नित्य घडते, आणि ती आमच्याही हातून घडलेली आहे. म्हणून प्रथम तिचाच वृत्तांत सांगतो.

जळगावातील एका दालमिलमध्ये हिशेबाचे काम करणारे ४६ वर्षांचे गृहस्थ दौर्बल्य व थकवा या तक्रारी घेऊन आमच्याकडे आले. वजन ५८ किलो, उंची १६६ सेंटिमीटर, हातपाय बारीक, गाल बसलेले. कृश व दुर्बल रुग्ण असे समजून आम्ही बृंहण चिकित्सा योजली. सकाळ-संध्याकाळ दुधाबरोबर अवलेह, आहारात तूप आणि दुपारी विश्रांती. तीन महिन्यांनी वजन वाढले, पण थकवा तसाच राहिला आणि रात्री मूत्रप्रवृत्तीसाठी उठावे लागू लागले. रक्तपरीक्षणात मधुमेह स्पष्ट झाला. तेव्हा कुठे आम्ही त्यांच्या पोटाला फीत लावली. घेर ९३ सेंटिमीटर भरला. पहिल्याच दिवशी सदरा वर करून पाहिला असता, तर अवलेहाची बरणी आमच्या हातून दिली गेली नसती.

मेद किती आहे यापेक्षा तो कोठे साठला आहे हा प्रश्न निदानात अधिक महत्त्वाचा आहे, एवढेच या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

शास्त्राधार

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात अतिस्थूलाचे वर्णन करताना वजनाचा उल्लेख केलेला नाही. मेद व मांस यांच्या अतिवृद्धीने नितंब, उदर व स्तन हे भाग हलू लागणे आणि देहाच्या पुष्टीच्या मानाने उत्साह नसणे ही लक्षणे त्यांनी दिली आहेत. म्हणजे लक्ष स्थानाकडे आणि कार्यशक्तीकडे आहे. आमच्या रुग्णात उदर वाढलेले होते आणि उत्साह लोपला होता. आम्ही मात्र त्याचे दंड पाहत बसलो.

विमानस्थानात मेदोवह स्रोतसांचे मूळ वृक्क व वपावहन सांगितले आहे. वपावहन म्हणजे उदरातील मेदाचा पडदा असा अर्थ बहुतेक अभ्यासक घेतात. सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात मेदोधरा ही तिसरी कला सांगताना मेदाचे स्थान उदरात मानले आहे. प्रमेहाच्या संप्राप्तीत चरकांनी मेदाला ‘बहु’ या विशेषणाबरोबर ‘अबद्ध’ हेही विशेषण लावले आहे. अबद्ध म्हणजे घट्ट न बांधलेला, शिथिल. केवळ मेदाचे प्रमाण वाढल्याने दुष्टी पूर्ण होत नाही. त्याचे स्वरूपही बिघडावे लागते.

येथे एक सावधगिरी हवी. आयुर्वेदोक्त मेद व आधुनिक शास्त्रातील चरबी या संज्ञा तंतोतंत समानार्थी नाहीत. प्राचीनांना सारे काही आधीच ठाऊक होते असा दावा आम्ही करीत नाही. परंतु उदरस्थ मेदाला त्यांनी दिलेले महत्त्व आजच्या संशोधनाशी जुळते, हे नमूद करणे उचित ठरेल.

पुण्यातील संशोधन

मेदाच्या स्थानावरून रोगाचा धोका बदलतो, हे फ्रान्समधील मार्सेचे वैद्य जाँ वाग यांनी १९४७ साली मांडले. पुरुषी ठेवणीचा, म्हणजे देहाच्या वरच्या भागातील मेद, हा नितंब व मांड्यांवरील मेदापेक्षा मधुमेहाशी अधिक निगडित असतो, असे त्यांचे निरीक्षण होते. आपल्या दृष्टीने मात्र अधिक मोलाचे कार्य महाराष्ट्रातच झाले आहे.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच छायाचित्र व मोजमापे प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने वजन दर्शविणारा बी.एम.आय. दोघांचाही २२.३ होता. परंतु शरीरातील चरबी डॉ. युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के भरली. वजनकाट्याच्या दृष्टीने दोघे समान. देहाच्या घडणीत मात्र दुपटीहून अधिक अंतर.

या भेदाचे मूळ गर्भावस्थेपर्यंत जाते. पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत १९९० च्या दशकात सुरू झालेल्या माता-पोषण अभ्यासात नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो आढळले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांचे सुमारे ३.५ किलो होते. पुण्याच्या बालकांत दंडाचा व पोटाचा घेर, म्हणजेच मांस व उदरातील अवयव, बरेच कमी होते. पाठीवरील त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. बालक लहान, पण चरबी राखून जन्मलेले. याच अभ्यासात निम्म्याहून अधिक गर्भिणींमध्ये ब-१२ जीवनसत्त्वाची न्यूनता दिसली. ज्या मातांमध्ये ब-१२ कमी व फोलेट अधिक होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक आढळली. चरकांनी स्थौल्याच्या कारणांत बीजस्वभाव सांगितला आहे. त्याच्या जोडीला गर्भिणीचा आहारही किती महत्त्वाचा आहे, हे या कार्यातून कळते. साक्री-शिरपूरकडील आदिवासी पाड्यांवर काम करणाऱ्या वैद्यांनी गर्भिणी परिचर्येकडे या दृष्टीने पाहावे. आजची गर्भिणी चिकित्सा ही चाळीस वर्षांनंतरच्या प्रमेहाची प्रतिबंधक चिकित्सा आहे.

संप्राप्तीचा विचार

त्वचेखालील, विशेषतः मांड्या व नितंबांवरील मेद हे अतिरिक्त अन्नाचे कोठार होय. ते मोठे असेल तर बरेच सामावून घेते. ज्यांचे कोठार जन्मतःच लहान, त्यांच्यात थोड्याशा अतिरिक्त आहारानेही मेद यकृतात, मांसपेशींत व आंत्रावरणात शिरतो. यकृतात मेद साचला की ते इन्सुलिनला जुमानत नाही. ट्रायग्लिसराइड वाढतात, हितकर एच.डी.एल. घटते आणि रक्तशर्करा चढते. मांसधातू आधीच कमी असल्याने शर्करा वापरली जाण्याची जागाही अपुरी पडते. म्हणून बारीक हातपाय व पुढे आलेले पोट ही जोडी एकत्रच वाचावी.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात बी.एम.आय.नुसार स्थूलता २८.६ टक्के, तर उदरस्थूलता ३९.५ टक्के प्रौढांत आढळली. केवळ वजन पाहणाऱ्या वैद्याच्या नजरेतून किती रुग्ण निसटतात, याचा अंदाज या दोन आकड्यांवरून यावा.

मापनविधी

१) रुग्णास पावलांत थोडे अंतर ठेवून सरळ उभे करावे. शेवटच्या बरगडीची खालची कड व कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मधोमध फीत आडवी धरावी आणि सहज श्वास सोडल्यावर माप घ्यावे.

२) लुगडे, परकराची नाडी किंवा पायजम्याची नाडी यांवरून माप घेऊ नये. स्त्रीरुग्णांचे माप परिचारिकेकरवी घ्यावे.

३) ‘वीस वर्षे पँटचे माप तेच आहे’ या सांगण्यावर विसंबू नये. पोट वाढते तसा पट्टा खाली सरकतो.

४) २००९ च्या भारतीय मार्गदर्शक निकषांनुसार पुरुषात ९० व स्त्रीत ८० सेंटिमीटर वा अधिक घेर ही उदरस्थूलता होय. पुरुषात ७८ व स्त्रीत ७२ पासूनच सावध करावे. बी.एम.आय. २३ पासून अधिक वजन व २५ पासून स्थूलता समजावी.

५) घेर हा उंचीच्या निम्म्याहून कमी असावा. चरकांनी देहाचे प्रमाण ज्याच्या त्याच्या अंगुलानेच मोजावयास सांगितले आहे. हे गुणोत्तरही त्याच तत्त्वाचे आहे. आमच्या रुग्णाची मर्यादा ८३ होती, घेर ९३ होता.

घेर अधिक आढळल्यास, रुग्ण कितीही बारीक असो, उपाशीपोटीची रक्तशर्करा, ट्रायग्लिसराइड, एच.डी.एल. व रक्तदाब तपासल्याविना बृंहण सुरू करू नये. जन्मवृत्तही विचारावे. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास ज्यांचा गर्भवास गेला, ते आज पन्नाशी ओलांडून आपल्या दारात येत आहेत.

खानदेशातील आहारविहार

कळण्याची भाकरी, भरीत, वरण-बट्टी, शेवभाजी हा आपला आहार शेतात दिवसभर राबणाऱ्या देहासाठी घडला. ठिबक, ट्रॅक्टर व दुचाकी आल्यावर श्रम घटले, पण ताटावरचे तेल घटले नाही. भाकरी व भरिताला दोष देण्याचे कारण नाही. ज्वारी व उडदाचा कळणा हा पोटभरीचा व मांसपोषक आहे. भरितातील शेंगदाणा तेलाची धार मात्र मोजून असावी. तळलेली बट्टी व शेवभाजीवरील तर्री नित्याची नसावी. रावेर-यावलकडील रुग्णास केळी सर्वस्वी सोडण्यास सांगितले तर तो ऐकणार नाही. मधुमेह नसल्यास एक केळे फळ म्हणून चालेल. साखर घातलेले शिकरण पोळीबरोबर नको.

चिकित्सासूत्र

चरकांनी प्रमेही रुग्णाचे स्थूल-बलवान व कृश-दुर्बल असे दोन भेद करून पहिल्यास संशोधन व दुसऱ्यास बृंहण सांगितले आहे. उदरस्थूल कृश रुग्ण या दोहोंच्या मध्ये येतो. त्याचा मेद घटवावयाचा व मांस राखावयाचे असते. कडक लंघनाने त्याचे उरलेसुरले मांस झिजते, आणि साखर-तुपाच्या बृंहणाने मेद वाढतो. म्हणून मूग, कुळीथ, ताक, यव, पालेभाज्या असा आहार, रोज जलद चालणे, आठवड्यातून दोन-तीन दिवस मांसपेशींवर भार देणारा व्यायाम, दिवास्वाप वर्ज्य. औषधीत त्रिफळा, गुडूची, मुस्ता यांची योजना प्रकृती व अग्नी पाहून करावी. उद्वर्तन साहाय्यक आहे. मात्र चोळलेल्या जागचा मेद वितळतो असे रुग्णास सांगू नये. मधूदकाचा उपयोग शास्त्रोक्त असला तरी प्रमेहीच्या बाबतीत मधातील शर्करा हिशेबात धरावी.

रुग्ण ग्लिमेपिराइड वा इन्सुलिन घेत असेल, तर आहार घटविण्यापूर्वी त्याच्या चिकित्सकाशी बोलावे. लंघनात रक्तशर्करा एकाएकी घसरून जिवावर बेतू शकते.

औषधालयधारकांसाठी

च्यवनप्राश व अन्य अवलेहांचा मोठा भाग साखर-गुळाचा असतो. ‘बारीक आहे, अंग भरेल असे काही द्या’ म्हणणाऱ्या चाळिशीतील ग्राहकास ते देण्यापूर्वी शर्करा तपासली आहे का, एवढे विचारावे. वजन वाढविणाऱ्या निनावी पुड्या व गोळ्या दुकानात ठेवूच नयेत. अशा पदार्थांत स्टिरॉइडची भेसळ केली जाते. त्याने चेहरा व पोट भरते, हातपाय अधिकच बारीक होतात, म्हणजे येथे वर्णिलेला रोगच निर्माण होतो. तसेच १९५४ च्या औषधी व जादुई उपाय कायद्यान्वये स्थूलता व मधुमेह यांवरील औषधांची जाहिरात निषिद्ध आहे, हे फलक लावताना ध्यानी असावे.

उपसंहार

आमच्या त्या रुग्णाचा अवलेह आम्ही बंद केला, आहार बदलला आणि रक्तशर्करेसाठी त्यास मधुमेहतज्ज्ञाकडेही पाठविले. तो आजही नियमित येतो. त्याचे वजन आता फारसे बदलत नाही. घेर मात्र ९३ वरून ८७ वर आला आहे आणि मिलचा जिना तो न थांबता चढतो. अजून चार सेंटिमीटर उरले आहेत. तेव्हापासून आमच्या मेजावर नाडीपरीक्षेच्या उशीशेजारी शिंप्याची फीत असते. वैद्यबंधू-भगिनींनी ती आपल्याही मेजावर ठेवावी, एवढी विनंती करून लेख पूर्ण करतो.