लांब केसांचे मेन कून मांजर : त्याची जोपासना व निगा

धान्याच्या कणगीपाशी मांजर असावे, हे शेतकऱ्यास शिकवावे लागत नाही. आपल्याकडील मांजर अंगाने लहान, आखूड केसांचे व स्वतःची निगा स्वतःच राखणारे असते. त्याच्याकडे फारसे लक्ष पुरविले नाही तरी ते आपले निभावून नेते. अलीकडे मात्र मुंबई-पुण्याकडील घरांतून मेन कून नावाचे मोठ्या चणीचे, लांब केसांचे परदेशी मांजर पाळले जाऊ लागले आहे, आणि सुट्टीत ते मालकांबरोबर गावच्या वाड्यातही येऊन राहते. या मांजरास आपल्या मांजराप्रमाणे वागविल्यास त्याचे हाल होतात व कित्येकदा ते जिवासही मुकते. यास्तव त्याची थोडी माहिती असणे अगत्याचे आहे.

ही जात मूळची शेतकऱ्याच्या घरचीच आहे. अमेरिकेच्या ईशान्य टोकास मेन नावाचे राज्य आहे. तेथील हिवाळा दीर्घ व अत्यंत कडक असून महिनोन्‌महिने जमीन बर्फाखाली असते. तेथील जुने शेतकरी राहते घर, स्वयंपाकघर, अवजारांची खोली व गोठा एकास एक जोडून बांधीत. हेतू हा की, बर्फात पाऊल न टाकता गुरांपर्यंत पोहोचता यावे. गोठ्यात वाळलेले गवत व धान्य साठविलेले असे, व त्यापाठोपाठ उंदीर येत. अशा गोठ्यांतून, कोणी निवड न करता, थंडीत टिकतील तीच मांजरे टिकत गेली व त्यांची ही जात बनली. 1860 नंतरच्या काळात स्कोहेगन येथील जत्रेत, आपल्याकडे बैल मिरवितात तद्वत तेथील शेतकरी आपापली मांजरे आणून त्यांची स्पर्धा भरवीत. 1895 मध्ये न्यूयॉर्क येथे भरलेल्या मोठ्या मांजर-प्रदर्शनात याच जातीच्या ‘कोझी’ नावाच्या मांजराने पहिले बक्षीस मिळविले. पुढे पर्शियन मांजरांची आवड वाढून ही जात मागे पडली. तथापि तिच्या चाहत्यांनी ती टिकवून धरली, आणि 1985 मध्ये मेन राज्याने तिला आपले अधिकृत मांजर म्हणून मान दिला.

नावातील ‘कून’ हा शब्द रॅकून या तिकडील रानटी प्राण्यावरून आला असे म्हणतात. रॅकूनच्याही शेपटीवर पट्टे असतात व ती झुपकेदार असते. त्या दोहोंच्या संकरातून ही जात झाली, ही समजूत मात्र निखालस खोटी आहे. असा संकर निसर्गतः होऊ शकत नाही. फ्रान्सच्या राणीने जहाजातून मांजरे पाठविल्याची कथाही केवळ करमणुकीची आहे.

पूर्ण वाढीचा बोका साधारणतः सहा ते आठ किलो व मांजरी चार ते सहा किलो वजनाची भरते. आपले मांजर वर्षभरात वाढते, तर या जातीस पूर्ण वाढीसाठी तीन ते पाच वर्षे लागतात. हे ध्यानी घेऊन पहिल्या वर्षानंतरही आहारात हयगय करू नये. स्वभाव शांत व माणसाळलेला असतो. आकार पाहून आवाजही दांडगा असेल असे वाटते, परंतु ते बारीक, चिवचिवल्यासारखा आवाज काढते.

त्याच्या अंगावरचे केस म्हणजे थंडीत काम करण्याचे साधनच होय. खांद्यावर ते आखूड असतात, म्हणजे झुडपांत अडकत नाहीत. पोटाखाली व मांड्यांवर ते लांब असतात, म्हणजे बर्फावर बसता येते. तळव्यांत बोटांमधून झुबके असतात, कानांतही झुबके असतात, आणि झोपताना शेपूट तोंडावर ओढून घेता येते. मेनच्या गोठ्यात ज्या केसांनी या मांजराचा जीव वाचविला, तेच केस आपल्या हवेत मालकाने काळजी न घेतल्यास त्याच्या जिवावर उठतात.

केस आठवड्यातून निदान दोनदा विंचरावेत. जुने केस झडून नवे येण्याच्या दिवसांत रोज विंचरणे इष्ट. कंगवा पोलादाचा, गोलसर टोकांच्या विरळ दातांचा घ्यावा. पुष्कळ लोक पाठीवरून दोन हात फिरवून समाधान मानतात, पण पाठीवर गुंता क्वचितच होतो. तो होतो कानांमागे, काखेत, पोटाखाली, मांड्यांच्या आतल्या बाजूस व शेपटीखाली. वरून मांजर टापटीप दिसत असता काखेत नमद्यासारखी गुठळी झालेली मी अनेकदा पाहिली आहे. अशा गुठळीखालची कातडी ओढली जाते, तिला वारा लागत नाही, ती ओलसर राहून चिघळते व पावसाळ्यात तेथे गजकर्ण होते. ते माणसांसही, विशेषतः मुलांना, लागते. गुठळी बोटांनी थोडथोडी सोडवून मग कंगवा लावावा. कात्री कदापि लावू नये. मांजराची कातडी सैल व पातळ असून गुठळीबरोबर वर उचलली जाते, आणि केस समजून कातडीच कापली जाते. न सुटणारी गुठळी दवाखान्यात यंत्राने काढून घ्यावी. अंघोळ घालावयाची असल्यास ती विंचरल्यानंतरच, कारण भिजलेली गुठळी अधिकच घट्ट बसते.

उन्हाळ्यात अंगावरचे सर्व केस भादरून टाकावेत काय, असे पुष्कळजण विचारतात. निरोगी मांजराचे केस मुळापासून काढू नयेत. उघड्या पडलेल्या कातडीस ऊन भाजते, व केस पुन्हा पूर्वीसारखे येण्यास अनेक महिने लागतात. झडलेले केस विंचरून काढले तरी बराच भार हलका होतो. दुपारी मांजरास पत्र्याच्या खोलीत किंवा उभ्या मोटारीत कोंडू नये. शहाबादी फरशीची सावलीतील खोली व पसरट भांड्यांतून दोन-तीन ठिकाणी ठेवलेले पाणी ही व्यवस्था पुरते. मांजरास घाम केवळ तळव्यांना येतो. ते अंग चाटून, लाळ सुकवून थंड होते. कुत्र्याप्रमाणे ते धापा टाकू लागले तर तो थकवा मानू नये. त्यास गार जागी नेऊन, केसांच्या मुळापर्यंत साधे पाणी पोहोचवून, विलंब न लावता पशुवैद्यकांकडे न्यावे.

आहाराविषयी आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. दूध-भात किंवा दूध-पोळी हे मांजराचे अन्न नव्हे. मोकळे सुटलेले मांजर त्यावर जगते असे दिसते ते उंदीर, पाली व पाखरे मारून खाते म्हणून. घरात राहणाऱ्या मेन कूनला ती सोय नसते. मांजर हा पूर्णतः मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचा घटक त्याच्या शरीरात पुरेसा तयार होत नाही, व तो वनस्पतिजन्य अन्नात जवळजवळ नसतोच. त्याच्या अभावी दृष्टी जाते, आणि हृदयाचा स्नायू ढिला पडतो असे 1987 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले. मांस, मासळी, अंडी शिजवून द्यावयाची तर त्यांचेही प्रमाण पशुवैद्यकांकडून ठरवून घ्यावे. ज्या घरी मांस शिजत नाही तेथे मांजरांसाठी तयार केलेले संपूर्ण खाद्य आणावे. कुत्र्याचे खाद्य देऊ नये. कांदा व लसूण मांजरास विषारी आहेत, म्हणून आपल्या ताटातील रस्सा त्याच्यापुढे ओतू नये.

आता गोठ्याकडे वळू. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात शहरातून गावी आणलेला एक मेन कून बोका माझ्याकडे आला. कान व चेहरा सारखा फडफडत होता, लाळ गळत होती, मागचे पाय अडखळत होते. घरच्यांना वाटले, साप चावला. विचारपूस करता कळले की, आदल्या संध्याकाळी गोचिडांसाठी म्हशींच्या अंगावर औषध फवारले होते, आणि औषधाची मात्रा अंदाजाने दुप्पट केली होती. बोका गारव्यासाठी म्हशीजवळच्या ओल्या जमिनीवर झोपला. “अहो डॉक्टर, औषध म्हशींना मारलं, मांजराला नाही,” असे घरच्या आजी पुनःपुन्हा सांगत होत्या, आणि त्यांचे म्हणणे खरेच होते. परंतु पोटाखालच्या लांब केसांनी ते औषध टिपून घेतले, आणि रात्रभर अंग चाटून बोक्याने ते पोटात घेतले. कोमट पाण्याने व सौम्य साबणाने त्यास दोनदा धुतले, झटक्यांवर इंजेक्शने दिली, पोटाखालचे केस काढले. तिसऱ्या दिवशी तो उभा राहिला. आखूड केसांच्या मांजराच्या अंगावर एवढे औषध कदाचित राहिलेही नसते.

गोचिडांवरील पुष्कळ औषधे सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन अथवा पर्मेथ्रिन या वर्गातील असतात. गुरांना ती योग्य मात्रेत सोसतात. मांजरास, त्यांतही पर्मेथ्रिन, घातक ठरते. म्हणून फवारणीच्या दिवशी मांजर खोलीत बंद ठेवावे, गोठा व गुरांची अंगे पूर्ण वाळेपर्यंत सोडू नये, आणि गुरांचे वा कुत्र्याचे औषध पिसवांसाठी म्हणून त्यास कधीही लावू नये. विष घालून मारलेले उंदीर तत्काळ पुरावेत. आणखी एक गोष्ट : ताप आला म्हणून घरातील पॅरासिटामॉलची गोळी मांजरास देऊ नये. तिचा निचरा करण्याची शक्ती मांजराच्या यकृतात फारच अल्प असते. हिरड्या तपकिरी पडतात, तोंड सुजते व एका गोळीनेही मांजर दगावते.

या जातीत हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आनुवंशिक रोग आढळतो. त्यास कारण होणारा एक जनुकीय दोष 2005 मध्ये सापडला असून गालाच्या आतील नमुन्यावरून तो तपासता येतो. हा दोष नसला म्हणजे रोग होणारच नाही, असे मात्र नव्हे. म्हणून वर्षातून एकदा हृदयाची सोनोग्राफी करणे हिताचे. मांजर तोंड उघडून श्वास घेऊ लागले, किंवा एकाएकी ओरडून त्याचे मागचे पाय लुळे पडले, तर सकाळची वाट पाहू नये. बोका वारंवार लघवीस बसतो पण थेंबही येत नाही, हेही तितकेच निकडीचे.

रेबीज व इतर रोगांवरील लशी तसेच जंतांचे औषध पशुवैद्यकांच्या सल्ल्याने वेळच्यावेळी द्यावे. पैदास करावयाची नसल्यास शस्त्रक्रिया करून घ्यावी.

पिल्लू विकत घेताना आईबापांच्या हृदय-तपासणीचे कागद पाहावेत. कागद नसता केवळ किंमत जास्त सांगितली म्हणून जात चांगली मानू नये. बारा आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये. घरी आणल्या दिवसापासून, केस फारसे वाढले नसतानाही, रोज दोन-तीन मिनिटे मांडीवर घेऊन त्याच्या पोटाखाली व काखेत कंगवा फिरवावा. ही सवय लहानपणी लावली नाही, तर पुढे सात किलोचा बोका त्याच्या इच्छेविरुद्ध उताणा धरणे एका माणसाचे काम राहत नाही.