पूर ओसरल्यावरचे पंधरा दिवस

वर्षावास सुरू झाला की ग्रंथवाचनाला सगळी वस्ती विहारात जमते. आपल्या वर्धा जिल्ह्यात पुराचे महिनेही तेच. म्हणून या वेळचा आरोग्याचा पाठ पुरावर घेतो आहोत. वाचन संपल्यावर कुणीतरी तो मोठ्याने वाचून दाखवावा, कारण ज्या आयाबायांच्या हातात घरचे पाणी असते, त्यांतल्या कित्येकींना वाचता येत नाही.

30 जुलै 1991 ची सकाळ जुन्या माणसांना अजून पाठ आहे. वर्धा नदीने नागपूर जिल्ह्यातले मोवाड बुडवले आणि 204 माणसे गेली. जुलै 2022 मध्ये आपल्याकडे वणा आणि यशोदा फुगल्या, हिंगणघाटात घरांत पाणी शिरले. आपल्या पुष्कळ वस्त्या गावाच्या कडेला, नाल्याच्या अंगाला आहेत. त्या तिथे का, हे आपल्याला कुणी सांगायला नको. नदी भरली की नाल्याचे पाणी पुढे जात नाही, ते उलटे फिरते. म्हणून नदी लांब असली तरी पाणी आपल्या दारात आधी येते, आणि संडास, उकिरडा, गोठा सगळे धुऊन घेऊन येते.

बुडून मरणे सगळ्यांना दिसते. नंतरची हगवण दिसत नाही. ज्या विहिरीत किंवा हातपंपात पुराचे पाणी गेले, तिचे पाणी नितळ दिसले तरी पिऊ नये. आम्हीही एकदा चुकलो आहोत. विहिरीत टीसीएल पावडर टाकली, काम झाले समजलो आणि त्याच तासाला हंडे भरू दिले. चौथ्या दिवशी वस्तीत जुलाब सुरू झाले.

विहिरीचा हिशेब शिकून ठेवा. विहिरीची रुंदी मीटरमध्ये घ्या, तिला तिनेच गुणा, मग पाण्याच्या खोलीने गुणा आणि शेवटी 785 ने गुणा; तेवढे लिटर पाणी. 3 मीटर रुंद विहिरीत 4 मीटर पाणी असेल तर 28,260 लिटर झाले. चांगल्या प्रतीची टीसीएल 1,000 लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे इथे साधारण 70 ग्रॅम. पण हा साध्या दिवसांचा हिशेब आहे. पुराचे पाणी गेलेल्या विहिरीला जास्त लागते, आणि आधी गाळ व शक्य तेवढे पाणी उपसावे लागते. पावडर कोरडी फेकू नये. बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा, वरचे पाणी विहिरीत सोडून ढवळावे, आणि निदान एक तास कुणाला पाणी भरू देऊ नये. मग ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून ओटी चाचणी करून घ्यावी. रंग पिवळा आला तर औषध पाण्यात शिल्लक आहे. नाही आला तर पुन्हा टाकायला लावा. मागायला संकोच कसला, ते त्याचे कामच आहे.

तोवर घरी पाणी उकळा. वीस मिनिटे उकळायचे म्हणून ओल्या सरपणाच्या दिवसांत लोक उकळतच नाहीत. तेवढ्याची गरज नाही. खळखळ उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरे.

जुलाब लागलेच तर ओआरएस द्या. पाकीट नसेल तर 1 लिटर पाण्यात 6 सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजे टाकू नका. अंगावरचे दूध बंद करू नका. मूल सुस्त पडले, डोळे खोल गेले, लघवी थांबली तर घरी बसू नका.

सिकलसेलची गोष्ट वेगळी सांगतो, कारण विदर्भात हा आजार आपल्या समाजात बराच आहे. अशा रुग्णाला भिजणे, थंडी, ताप आणि अंगातले पाणी कमी होणे, चारही गोष्टी घातक, आणि पुरात चारही एकदम येतात. घर सोडताना त्याचे कार्ड आणि रोजच्या गोळ्या प्लास्टिकच्या पिशवीत आधी घ्या, राशन कार्ड नंतर. त्याला कोरडे कपडे, पांघरूण आणि भरपूर स्वच्छ पाणी द्या. हाडे, छाती किंवा पोट जोरात दुखू लागले, धाप लागली किंवा ताप आला तर थेट दवाखान्यात. सेवाग्राम आणि सावंगीची मोठी रुग्णालये आपल्याच जिल्ह्यात आहेत.

पुरात सापही कोरडी जागा शोधतात. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि दुखतही नाही. सकाळी पोट दुखते, पापण्या मिटू लागतात. दोरी बांधू नका, चिरू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. तो अवयव हलू न देता 108 ला फोन करा. सापाच्या विषावरची लस सरकारी रुग्णालयात मोफत मिळते.

आणि ताप. पुराच्या पाण्यात उतरल्यावर आठ-पंधरा दिवसांनी ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले तर तो लेप्टो असू शकतो. पायाला जखम असलेल्यांनी जास्त सावध असावे. गवतात काम करणाऱ्याला तापासोबत अंगावर काळी खपली दिसली तर स्क्रब टायफसची शंका घ्यावी. ती काखेत, जांघेत लपलेली असते. दोन्ही आजार वेळेवर साध्या गोळ्यांनी बरे होतात, उशीर झाला तर मूत्रपिंड, फुप्फुसावर जातात. डॉक्टर विचारो न विचारो, पुराच्या पाण्यात किती तारखेला उतरलो होतो ते त्यांना आपणहून सांगा.