रापण आणि महासंगणक

मुलांनो, सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण तालुक्यात आचरा नावाचे गाव आहे. तेथील किनारपट्टीवर रापणीने मासे पकडण्याची जुनी पद्धत आहे. रापण म्हणजे लांबच लांब जाळे. त्याच्या एका टोकाचा दोर किनाऱ्यावरील माणसांच्या हाती असतो. होडी समुद्रात जाते आणि जाळे अर्धवर्तुळात सोडत परत येते. मग दोन्ही बाजूंची माणसे दोर ओढू लागतात. एक बाजू भरभर ओढू लागली आणि दुसरी मागे पडली, तर जाळे तिरके होते व मासळी निसटते.

महासंगणकाचे कामही असेच चालते, असे सांगितले तर तुम्हांला नवल वाटेल!

मे २०२१ मध्ये 'तौक्ते' हे चक्रीवादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळून गेले. घरांची छपरे उडाली, झाडे पडली. पण हवामान खात्याने आधीच इशारा दिला होता. असा इशारा देण्यासाठी वारा, तापमान आणि हवेचा दाब यांची अफाट गणिते करावी लागतात. उद्याच्या वादळाचा अंदाज परवा मिळाला, तर समुद्रावर गेलेल्या मच्छीमाराला त्याचा काय उपयोग?

म्हणून काम वाटून घेतात. समुद्राच्या आणि जमिनीच्या नकाशाचे लहान लहान चौकोन पाडतात. प्रत्येक प्रोसेसरला काही चौकोन देतात. सगळे एकाच वेळी गणित करतात. याला समांतर संगणन म्हणतात. मात्र एका चौकोनातील वारा शेजारच्या चौकोनात जातो. त्यामुळे प्रोसेसरांना एकमेकांना सतत निरोप द्यावे लागतात.

आपल्या देशात असे काम पुण्यातही झाले. त्या काळी परदेशातून मोठे महासंगणक सहजासहजी मिळत नसत. १९८८ साली पुण्यात 'सी-डॅक' ही संस्था स्थापन झाली. डॉ. विजय भटकर हे तिचे पहिले संचालक. तेथील शास्त्रज्ञांनी १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला. त्यात ट्रान्सप्युटर नावाचे अनेक प्रोसेसर एकमेकांना जोडलेले होते. प्रत्येकाची स्मृती वेगळी होती.

पुढच्या 'परम ८६००' मध्ये त्यांनी दोन प्रकारचे प्रोसेसर एकत्र आणले. ट्रान्सप्युटर निरोप पोचवण्यात तरबेज होते, तर आय-८६० हा प्रोसेसर गणितात वेगवान होता. रापणीतही सगळे एकच काम करत नाहीत. कोणी होडी वल्हवतो, कोणी जाळे सोडतो, कोणी दोर ओढतो. ज्याला जे चांगले जमते, ते त्याच्याकडे असते.

२०२० सालच्या 'परम सिद्धी-एआय'मध्येही हीच कल्पना आहे. त्यातील नेहमीचे प्रोसेसर कामाची आखणी करतात आणि ग्राफिक्स प्रोसेसर एकाच तऱ्हेची हजारो गणिते एकदम सोडवतात. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये जगातील ५०० वेगवान महासंगणकांच्या यादीत त्याचा ६३ वा क्रमांक लागला.

पण नुसते प्रोसेसर वाढवून भागत नाही. काही कामे एकामागून एकच करावी लागतात. जाळे सोडल्याशिवाय ओढता येईल का? शिवाय निरोप देण्याघेण्यातच फार वेळ गेला, तर वेगवान प्रोसेसरही रिकामा बसून राहतो. म्हणून कामाची योग्य वाटणी करणे हीच खरी कसोटी आहे.

मुलांनो, तुम्ही कधी रापण पाहायला गेलात, तर दोर ओढणाऱ्या हातांकडे नीट पाहा. कुणाचेच काम हलके नसते आणि कुणा एकट्याने ते होतही नाही.

शब्दार्थ
अफाट – खूप मोठे
समांतर – बरोबरीने चालणारे
तरबेज – कुशल
कसोटी – परीक्षा

स्वाध्याय
१. रापण तिरकी केव्हा होते?
२. प्रोसेसरांना एकमेकांना निरोप का द्यावे लागतात?
३. 'परम ८६००' मध्ये दोन प्रकारचे प्रोसेसर का वापरले?
४. तुमच्या घरातील कोणती कामे वाटून करता येतात आणि कोणती येत नाहीत? पाच वाक्ये लिहा.