गणिताचा वेग, स्मृतीचा विलंब

संगणकाचा वेग म्हणजे त्याच्या गणिताचा वेग, अशी सर्वसाधारण समजूत आहे. एके काळी ती बरीचशी खरीही होती. आजच्या प्रक्रियकाला दोन पूर्णांकांची बेरीज करण्यास एक नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचा एक अब्जांशही लागत नाही; परंतु त्याच संख्या मुख्य स्मृतीतून आणावयाच्या झाल्यास १०० नॅनोसेकंदांच्या आसपास वेळ खर्ची पडतो. तेवढा वेळ प्रक्रियक बव्हंशी स्वस्थ बसून असतो. विल्यम वुल्फ आणि सॅली मॅकी यांनी १९९५ साली या वाढत्या तफावतीला ‘स्मृतीची भिंत’ असे संबोधिले.

यावरील उपाय त्याआधीच निघाला होता. अवाढव्य व मंद स्मृतीपुढे एक लहान, चपळ स्मृती ठेवावी आणि नुकताच वापरलेला मजकूर तीत राहू द्यावा, ही कल्पना केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी १९६५ साली मांडली. आयबीएमने १९६८ मध्ये जाहीर केलेल्या सिस्टिम/३६० मॉडेल ८५ या यंत्रात ती ‘कॅश’ या नावाने अवतरली.

कॅश मुख्य स्मृतीतून एकच संख्या कधी मागवीत नाही. बहुतेक प्रक्रियकांत एका खेपेस ६४ बाइट येतात. प्रत्येक संख्या ८ बाइटांची असेल, तर ८ संख्या. गिऱ्हाइकाने चार लवंगा मागितल्या तरी वाण्याने कोठीतून अख्खी बरणी आणावी, तसाच हा प्रकार.

आता ४,०९६ ओळी आणि तितकेच स्तंभ असलेली पूर्णांकांची एक सारणी घेऊ. सी भाषेत ती ओळीमागून ओळ अशी साठविली जाते. बेरीज ओळीने केल्यास खेपेत आलेल्या आठही संख्या लागोपाठ कामी येतात. स्तंभाने केल्यास दर पावलाला ३२,७६८ बाइटांची उडी पडते. आठांतील एकच संख्या वापरली जाते, आणि उरलेल्या सातांची पाळी येण्यापूर्वीच प्रक्रियकालगतच्या कॅशमधून त्यांची हकालपट्टी झालेली असते. बेरजा दोन्ही रीतींत १ कोटी ६७ लाखांहून अधिक आणि उत्तरही एकच. वेळ मात्र कित्येक पट. फोर्ट्रानमध्ये साठवण स्तंभाने होते. तेव्हा फोर्ट्रानमधील आज्ञावली सीमध्ये शब्दशः उतरविणाऱ्याच्या पदरी नेमकी चुकीची रीत पडते. शब्दशः भाषांतराचा दोष येथेही चुकत नाही!

हवामानाच्या गणितात हा फरक निर्णायक ठरतो, कारण उद्याच्या पावसाचे भाकीत परवा हाती येऊन उपयोग नसतो. दोन सारण्यांच्या गुणाकारात तर एकीच्या ओळी आणि दुसरीचे स्तंभ, दोन्ही दिशांनी जाणे अटळ असते. तेथे सारण्यांचे कॅशमध्ये मावतील असे लहान चौरस पाडतात आणि आणलेला चौरस पुरता वापरून झाल्यावरच पुढचा घेतात. काही संकलक फेऱ्यांचा क्रम आपण होऊन बदलतात. परंतु त्यामुळे उत्तर बदलणार नाही अशी खात्री पटली तरच. ती न पटल्यास लिहिणाऱ्याने दिलेला क्रम तसाच राहतो.