आगंतुक

भोगावतीच्या काठी वसलेले पेण हे गाव गणेशमूर्तींसाठी सर्वत्र प्रसिद्ध आहे. आषाढ-श्रावणात तेथील आणि जवळच्या हमरापूर, जोहे या गावांतील कारखान्यांत पाय ठेवायला जागा नसते. एका साच्यातून पाहता पाहता शेकडो मूर्ती बाहेर पडतात. एखाद्या मूर्तीने आपला साचा आपल्याच पोटात बाळगला आणि जेथे जाईल तेथे ती स्वतःसारख्या आणखी मूर्ती पाडू लागली, तर काय होईल? मूर्तीच्या बाबतीत ही कल्पना हास्यास्पद वाटते. पण संगणकातील विषाणूचे वर्तन नेमके असेच असते. हा विषाणू सजीव नव्हे. तो माणसाने लिहिलेला प्रोग्राम होय.

प्रवासासाठी त्याला वाहन लागते. पेनड्राइव्ह येण्यापूर्वी ते काम फ्लॉपी नावाची तबकडी करी. १९८६ साली लाहोरमधील दोघा भावांनी ‘ब्रेन’ हा विषाणू लिहिला. आपल्या प्रोग्रामच्या चोरून प्रती काढणाऱ्यांचा माग लागावा, एवढाच आपला हेतू होता, असे ते सांगत. विषाणूत त्यांनी स्वतःचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांकही घातला होता! फ्लॉपी हातोहात फिरत राहिली आणि ब्रेन देशोदेशी पोचला. पुढे आलेला ‘मायकेलअँजेलो’ त्याहून घातक होता. त्या थोर कलावंताच्या जन्मदिवशी, ६ मार्चला, तो जागा होई आणि संगणकातील माहिती नष्ट करी.

अशा विषाणूंवर उतारा शोधणाऱ्यांत पुण्याचेही दोघे भाऊ होते. थोरले कैलास काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या धंद्यात शिरले होते. धाकटे संजय संगणकशास्त्र शिकत होते. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत विषाणू वरचेवर आढळू लागले, तेव्हा संजय यांनी ते काढून टाकणारे प्रोग्राम लिहिले. त्यातूनच पुढे ‘क्विक हील’ ही कंपनी उभी राहिली.

आता समजा, पेणच्या एका मूर्तिकाराने मूर्तींची छायाचित्रे आणि ग्राहकांची यादी पेनड्राइव्हवर घेतली आणि दरपत्रक छापण्यासाठी तो कुंडलिकेकाठच्या रोह्याला पाठविला. छापखान्यातील संगणकात विषाणू आधीच दडून बसला आहे. पेनड्राइव्ह लावताच तो त्यात उतरतो. आतील फोल्डर तो पुसत नाही, केवळ लपवितो, आणि प्रत्येकाच्या जागी त्याच नावाचे, कोपऱ्यात लहानसा बाण असलेले चिन्ह ठेवतो. पेणला परत आल्यावर मूर्तिकाराचा मुलगा त्या चिन्हावर क्लिक करतो. चिन्ह आधी विषाणूला जागे करते आणि मग खरा फोल्डरही उघडून देते. सारे जेथल्या तेथे दिसते. मग शंका कोणाला यावी? ही लबाडी कसबी आहे, हे कबूल केले पाहिजे.

पुढे एके दिवशी ती चिन्हे उघडेनाशी होतात आणि घरात एकच हलकल्लोळ उडतो. गणेशचतुर्थी तोंडावर आली आणि यादी गेली! अशा वेळी घाबरून पेनड्राइव्ह फॉरमॅट केला, म्हणजे विषाणूने न पुसलेली यादी माणूस स्वतःच्या हाताने पुसतो.

उपाय करताना क्रम चुकता कामा नये. अद्ययावत अँटिव्हायरसने प्रथम संगणक शुद्ध करावा, मगच पेनड्राइव्ह. संगणक तसाच राहिला, तर शुद्ध केलेला पेनड्राइव्ह लावताक्षणी पुन्हा बाधतो. नंतर विंडोजमधील ‘ॲट्रिब’ या आज्ञेने फोल्डरांवरील लपविल्याची खूण काढावी. हरवलेले सारे पुन्हा दिसू लागते. उरलेली बाणांची चिन्हे पुसून टाकावीत.

पूर्वी पेनड्राइव्ह लावताच त्यातील प्रोग्राम आपोआप चालू होऊ शकत असे. मायक्रोसॉफ्टने २०११ साली विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांतही ही वाट बंद केली. तेव्हापासून अशा बहुतेक विषाणूंना माणसाच्या बोटाची वाट पाहावी लागते. म्हणून बाहेरून आलेला पेनड्राइव्ह उघडण्यापूर्वी तपासून घ्यावा. फ्लॉपीच्या कोपऱ्यात एक सरकती खिट्टी असे. ती सरकविली की फ्लॉपीवर काही लिहिता येत नसे. बहुतेक पेनड्राइव्हना ती सोय नाही. छापखान्यासाठी निराळा, रिकामा पेनड्राइव्ह ठेवणे हा त्यातल्या त्यात सोपा मार्ग. खरे पाहता ग्राहकांची यादी रोह्याला नेण्याचे काही कारणच नव्हते. दरपत्रकाला छायाचित्रे आणि किमती पुरेशा होत्या.