अंधारात संपणारे गीत : स्तोत्र ८८



स्तोत्रसंहितेत एकूण १५० स्तोत्रे आहेत. त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. यांतील बहुतेकांचा शेवट मात्र आशेने होतो. स्तोत्र १३ चा गायक देव आपल्याला विसरला अशी तक्रार करतो, पण सहा ओव्यांतच तो गाऊ लागतो. प्रभू येशूने क्रुसावर ज्या स्तोत्राचे आरंभीचे शब्द उच्चारले, ते स्तोत्र २२ देखील शेवटी स्तुतीकडे वळते.

स्तोत्र ८८ मात्र तसे नाही. आज घरी गेल्यावर ते एकदा मोठ्याने वाचू या. त्याच्या १८ ओव्यांत कुठेही दिलासा येत नाही. मूळ हिब्रू भाषेत तर या गीताचा अगदी शेवटचा शब्दच 'अंधार' असा आहे. मग असे गीत पवित्र शास्त्रात कशासाठी?

गायकाचे दुःख

मथळ्यात कोरहाच्या पुत्रांचा आणि हेमानचा उल्लेख आहे. गाणाऱ्याचे दुःख नेमके कोणते, हे गीत सांगत नाही. तो मरणाच्या दारात आहे आणि तरुणपणापासूनच त्याच्या वाट्याला हाल आले आहेत, एवढेच आपल्याला कळते. जिवलग माणसे दूर गेली, हे दुःख तो दोनदा सांगतो. आपल्याला खोल खड्ड्यात टाकणारा देवच आहे, असेही तो देवाला तोंडावर सांगतो. मेलेली माणसे तुझी स्तुती करतील काय, असा त्याचा सवाल आहे. गीत संपते, तरी देवाचे उत्तर येत नाही.

तरीही ही प्रार्थनाच

या गीतात तीन गोष्टी आपण नीट पाहिल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट म्हणजे गायक देवाविषयी इतरांपाशी कुरकुर करत नाही, तो देवाशीच बोलतो. पहिल्याच ओवीत तो देवाला आपला तारणारा म्हणतो. पुढे सगळी तक्रार आहे, पण ती त्या तारणाऱ्यापुढेच मांडलेली आहे. ज्याच्यावरचा विश्वास उडाला, त्याच्या दारी कोणी गाऱ्हाणे घेऊन जात नाही.

दुसरी गोष्ट, तो हाक मारणे थांबवत नाही. १, ९ आणि १३ या तीन ओव्यांत तो पुन्हा पुन्हा सांगतो, की रात्रंदिवस, दररोज आणि पहाटेही मी धावा करतो.

तिसरी गोष्ट मथळ्यात आहे. तेथे या गीताला 'मस्कील' म्हटले आहे. या शब्दाचा अर्थ साधारणपणे 'बोधपर गीत' असा केला जातो. म्हणजे दुःखात देवापुढे कसे उभे राहावे, हे या गीताने आपल्याला शिकवायचे आहे.

ख्रिस्तसभेने हे गीत बाजूला ठेवले नाही. धर्मगुरू आणि धर्मभगिनी जी नित्यप्रार्थना करतात, तिच्यात दर शुक्रवारी रात्री झोपण्यापूर्वी हेच स्तोत्र म्हटले जाते. यरुशलेममध्ये कोंबड्याच्या आरवण्यावरून नाव पडलेले संत पेत्राचे चर्च आहे. त्याच्या खाली खडकात कोरलेला एक खड्डा आहे. अटकेच्या रात्री येशूला तेथे ठेवले होते, अशी परंपरा आहे. तेथे उतरणारे यात्रेकरू हेच स्तोत्र वाचतात. मेलेल्यांविषयीच्या त्या सवालाला देवाने पुनरुत्थानाच्या पहाटे उत्तर दिले, अशी आपली श्रद्धा आहे. पण गायकाला ते ठाऊक नव्हते. ठाऊक नसतानाही तो प्रार्थना करत राहिला.

आपण काय करतो?

मयताच्या घरी जाऊन आपण पटकन म्हणतो, "रडू नका, देवाची इच्छा." आपला हेतू चांगला असतो, पण त्यामुळे कधीकधी समोरच्याचे तोंड बंद होते. महिन्याची मिस्सा झाली, की आपले जाणेयेणेही कमी होते. मुलगा गमावलेली आई किंवा दीर्घ आजाराने थकलेला माणूस चर्चमध्ये येईनासा होतो, कारण आनंदाची गीते त्याच्या ओठांवर येत नाहीत. त्याचा विश्वास कमी झाला, असे आपण समजतो. कदाचित तो स्तोत्र ८८ जगत असेल. त्या गीतातला गायक जिवलगांच्या दूर जाण्याने खचला होता. आपण तरी दूर जाऊ नये. ईयोबाचे मित्र पुढे पुष्कळ बोलले आणि चुकले, पण आरंभी सात दिवस ते त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले होते. त्यांचे तेवढे बसणे आपण जरूर शिकावे.

कुटुंबात विचार करण्यासाठी

१. आपले कोणते दुःख आपण अजून देवाला सांगितलेले नाही?
२. या आठवड्यात कोणाच्या घरी जाऊन उपदेश न करता नुसते बसता येईल?
३. शुक्रवारी रात्री जपमाळेनंतर स्तोत्र ८८ वाचू या आणि ज्यांना सध्या प्रार्थना करणे जमत नाही, त्यांच्या वतीने ते देवाला अर्पण करू या.